आमचा मंगळवारचा गणिताचा वर्ग

साठी उलटलेल्या पाच बायका आठवड्यातून एकदा संगणकासमोर बसून बीजगणित शिकतात, असे सांगितले की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "कशाला?" याचे चटकन देण्याजोगे उत्तर आमच्याजवळ अजूनही नाही. पण गेली दोन वर्षे हा वर्ग खंड न पडता चालू आहे, आणि मागे एका लग्नात दोन-तीन भगिनींनी मोठ्या आस्थेने चौकशी केली, म्हणून हे चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहोत.

प्रथम एक खुलासा. या लेखात 'आम्ही' म्हणजे कधी आम्ही पाचजणी, तर कधी लिहिणारी एकटीच. आमच्या शाळेतल्या मराठीच्या बाईंना निबंधात 'मी, मी' केलेले मुळीच खपत नसे. ती सवय काही गेली नाही. वाचकांनी संदर्भाने समजून घ्यावे.

आम्ही दिमोनाला राहतो. बाकीच्यांपैकी एक अश्दोदला, एक लोदला, एक टोरांटोला, आणि सर्वांत मोठ्या ताई ठाण्यालाच राहिल्या, त्या कधी निघाल्याच नाहीत. लहानपणी भायखळा-माझगाव भागात आमचे एकमेकींच्या घरी जाणे-येणे होते. अश्दोदवाली आमच्यासारखीच नर्स होती. लोदच्या बाईंनी अनेक वर्षे कापडाच्या कारखान्यात शिवणकाम केले, टोरांटोवाली रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत होती आणि ठाण्याच्या ताई बँकेत. म्हणजे आकड्यांशी संबंध सर्वांचाच आला, पण गणिताचे पुस्तक शालान्त परीक्षेनंतर कोणी उघडले नव्हते. आमची शालान्त परीक्षा झाली १९७५ साली आणि १९७७ साली आम्ही इस्राएलला आलो. मग उल्पान, मग नर्सिंगचा अभ्यासक्रम, मग संसार.

मंगळवार ठरला तो सोयीने. शुक्रवारी स्वयंपाक, शनिवारचा प्रश्नच नाही, रविवारी नातवंडे. आमच्याकडे संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा टोरांटोला दुपारचे बारा वाजलेले असतात आणि ठाण्याला उन्हाळ्यात साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा. ताई हिवाळ्यात जांभया देत बसतात, पण उठत नाहीत.

सुरुवात झाली अश्दोदच्या नातीमुळे. ती इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. 'आल्गेब्रा लिनेआरीत' या विषयात नापास झाली आणि शिक्षण सोडते म्हणू लागली. आजी म्हणाली, "तू सोडू नकोस, मी तुझ्याबरोबर शिकते." बोलून गेली खरी, पण पुस्तक उघडल्यावर घाम फुटला, आणि आम्हा चौघींना फोन आले. नात 'मोएद बेत'ला पास झाली आणि आपल्या वाटेला लागली. आम्ही मात्र अडकलो.

आमचे गुरुजी अमेरिकेतले. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे प्राध्यापक गिल्बर्ट स्ट्रँग. त्यांची १९९९ साली वर्गात चित्रित केलेली व्याख्याने कोणालाही फुकट पाहता येतात. हातात खडू, मागे फळा, आणि चेहऱ्यावर असा आनंद की जणू ही गंमत त्यांनाही आजच कळली. १९६२ पासून शिकवणारे हे गृहस्थ २०२३ मध्ये निवृत्त झाले तेव्हा ८८ वर्षांचे होते. आम्ही बासष्टाव्या वर्षीच थकलो म्हणून घरी बसलो, याची थोडी लाज वाटली.

व्याख्यान इंग्रजीत, ज्यात टोरांटोवाली आणि ताई सोडून आम्ही सगळ्या कच्च्या. नातीचे पुस्तक हिब्रूत. आणि आमचे डोके मराठीत. वर्ग मराठीतच चालतो. 'समीकरण', 'सहगुणक', 'एकसामयिक समीकरणे' हे शब्द पन्नास वर्षांनी तोंडात आले तेव्हा खोबऱ्याच्या वड्या तोंडात आल्यासारखे वाटले. मॅट्रिक्सला मात्र आम्ही मॅट्रिक्सच म्हणतो. लोदच्या बाई 'मट्रित्सा' म्हणतात, ते त्यांना सोडवत नाही. मॅट्रिक्स म्हणजे भारी काही नसून आकड्यांचे चौकोनी कोष्टक, आडव्या ओळी आणि उभ्या ओळी. इस्पितळातल्या तापाच्या तक्त्यासारखे.

पहिले तीन महिने आम्ही फक्त अज्ञात काढून टाकण्याची रीत शिकलो. दोन समीकरणे घ्यायची, एकातून दुसरे अशा हिशेबाने वजा करायचे की एक अज्ञात नाहीसा व्हावा. हिला गाउसची रीत म्हणतात. गाउस जन्मला १७७७ मध्ये, पण चीनमध्ये ही रीत त्याच्या कितीतरी आधीपासून होती. तिकडच्या 'नऊ प्रकरणे' नावाच्या जुन्या गणितग्रंथावर लिऊ हुई याने इ. स. २६३ मध्ये टीका लिहिली, आणि त्या ग्रंथातले एक उदाहरण आम्ही सोडवायला घेतले. धान्याच्या पेंढ्या तीन प्रतींच्या, उत्तम, मध्यम आणि हलक्या. उत्तमच्या ३, मध्यमच्या २ आणि हलकीची १ पेंढी झोडपली की ३९ मापे धान्य निघते. अनुक्रमे २, ३ आणि १ पेंढीतून ३४ मापे. आणि १, २, ३ मधून २६ मापे. तर एकेका पेंढीत धान्य किती?

लोदच्या बाईंनी पहिल्यातून दुसरे वजा केले आणि एका झटक्यात सांगितले, की उत्तम पेंढीत मध्यमपेक्षा ५ मापे जास्त. पुढे मात्र सगळ्यांची दमछाक. शेवटी ताईंचे उत्तर आले, उत्तम सव्वानऊ, मध्यम सव्वाचार, हलकी पावणेतीन. आणि त्या स्वतःच म्हणाल्या, "चुकलं असणार. पुस्तकातलं उत्तर असं पाव-पाऊण थोडंच येतं?"

"ताळा करून बघा," आम्ही म्हटले.

तीन वेळा सव्वानऊ म्हणजे पावणेअठ्ठावीस, त्यात साडेआठ, त्यात पावणेतीन. एकोणचाळीस! दुसरे चौतीस, तिसरे सव्वीस. सगळे जुळले. ताई बँकेत वर्षानुवर्षे रोज संध्याकाळी ताळा जुळवत आलेल्या, पण त्या रात्री त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पाहिला तो पगाराच्या दिवशीसुद्धा झाला नसेल. तेव्हापासून वर्गाचा नियम झाला, की उत्तर सांगायचे ते ताळ्यासकट, आणि एकीचे गणित दुसरीने तिची वही न पाहता स्वतंत्र करायचे. वॉर्डमध्ये जपून द्यायची औषधे दोन नर्सेस तपासतात ना, अगदी तसे.

एक गमतीची गोष्ट टोरांटोवालीने शोधून आणली. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी 'बीजगणित' लिहिले, त्यात पहिल्या अज्ञाताचे नाव 'यावत्तावत्' आणि पुढच्यांना चक्क रंगांची नावे आहेत, कालक, नीलक, पीतक, लोहितक. काळा, निळा, पिवळा, तांबडा. आम्हाला क्ष आणि य यांची नेहमी भेसळ होई. त्या दिवशी नातवंडांच्या पेन्सिली घेतल्या, एकेका उभ्या ओळीला एकेक रंग दिला, आणि भेसळ थांबली.

आता जी हकीकत सांगायची ती आम्ही चाळीस वर्षे कोणाला सांगितली नव्हती, घरीसुद्धा नाही.

व्याख्यानात ओळींच्या अदलाबदलीचा विषय निघाला. मॅट्रिक्समधल्या आडव्या ओळी खालीवर केल्या तर काही बिघडत नाही, कारण एक आडवी ओळ म्हणजे एक समीकरण, आणि समीकरण आधी लिहिले काय नि नंतर लिहिले काय, सारखेच. पण उभ्या ओळींचे तसे नाही. एक उभी ओळ म्हणजे एका अज्ञाताचे घर. दोन उभ्या ओळींची जागा बदलली तर उत्तरातल्या आकड्यांचे मालकही बदलतात, आणि तुम्हाला ते आठवले नाही तर आकडे बरोबर येऊनही उत्तर चूक. हे ऐकता ऐकता आमच्या हातातले पेन थांबले. १९८३ सालची एक रात्र डोळ्यांपुढे उभी राहिली.

एका इस्पितळाच्या बालविभागात आमची रात्रपाळी होती. तान्ह्या बाळाला दहा टक्के ग्लुकोज द्यायचे होते आणि कपाटात होते फक्त पाच टक्के आणि पंचवीस टक्के. दोन्ही मिसळून शंभर मिलिलिटर करायचे. गणित सोपे होते. दोघांची बेरीज १००. साखरेचा हिशेब, पाचपट पहिले आणि पंचवीसपट दुसरे मिळून १०००. आम्ही मनातल्या मनात मराठीत सोडवले आणि उत्तर अचूक आले, पाच टक्क्यांचे ७५ आणि पंचवीस टक्क्यांचे २५.

ते कागदावर उतरवले. मथळे हिब्रूत, म्हणून उजवीकडून सुरुवात, उजव्या हाताला 'पाच टक्के', डाव्या हाताला 'पंचवीस टक्के'. आणि खाली आकडे लिहिताना हात गेला शाळेच्या वहीच्या सवयीने, डावीकडून. डावीकडे ७५, उजवीकडे २५. मग तो कागद वाचून ब्युरेट भरले.

सुदैवाने लावण्यापूर्वी दुसऱ्या नर्सने पाहण्याची पद्धत होती. त्या रात्रीच्या मुख्य नर्सबाई आल्या, रिकाम्या बाटल्या पाहिल्या, ब्युरेट काढून बेसिनमध्ये ओतले आणि स्वतः नवे भरले. बाळाला काही झाले नाही. चौथ्या दिवशी ते घरी गेले. बाई कडक होत्या, पण कामात चोख. त्यांनी ओतून दिले त्याबद्दल आम्ही त्यांचे आजही उपकार मानतो. फक्त ओतताना त्या चारचौघींसमोर म्हणाल्या, "तुमच्या हिंदुस्थानात अपूर्णांक शिकवत नाहीत का?"

हे वाक्य आमच्याबरोबर राहिले. त्यानंतर निवृत्तीपर्यंत प्रत्येक हिशेब आम्ही कोणा ना कोणाकडून करवून घेतला. "जरा बघ गं, मला चष्मा लागत नाही," असे काहीबाही सांगून. अतिदक्षता विभागाच्या जादा अभ्यासक्रमासाठी नाव सुचवले गेले तेव्हा मुले लहान असल्याचे कारण दिले. मुले लहान होती हे खरे, पण कारण ते नव्हते.

त्या मंगळवारी हे सगळे बोलून टाकले. पडद्यावर चार चेहरे स्तब्ध. अश्दोदवाली नर्स, ती काही न बोलता कागदावर आकडे मांडू लागली. पंचवीस पाचे सव्वाशे, पंचाहत्तर गुणिले पंचवीस अठराशे पंचाहत्तर, एकूण दोन हजार. "वीस टक्के," ती हळूच म्हणाली. "दुप्पट." मग विचारले, "बाळ नक्की बरं होतं ना?"

"नक्की."

ठाण्याच्या ताई चष्मा पुसत म्हणाल्या, "म्हणजे गणित तुझं बरोबरच होतं गं. उभ्या ओळी फिरल्या." आम्हाला एकदम भरून आले. पण ताई बँकेतल्या, अशा सहज सोडणाऱ्या नव्हेत. पुढे म्हणाल्या, "पण भरल्यावर ताळा नाही केलास. बाटल्या बघून ताळा करायला कितीसा वेळ लागला असता?"

फार तर दहा सेकंद. हेही खरेच.

त्या रात्री वर्ग दहापर्यंत चालला आणि गणित काहीच झाले नाही. प्रत्येकीजवळ एकेक गोष्ट निघाली. लोदच्या बाईंनी कारखान्यात सेंटिमीटर आणि इंच यांच्या गोंधळात सबंध तागा चुकीचा कापला होता, त्याचे पैसे सात महिने पगारातून गेले. टोरांटोवालीची गोष्ट तिने छापू नका म्हटले आहे.

ताळ्यावर आमचा एवढा विश्वास बसला होता, आणि मग एका मंगळवारी ताळ्यानेच आम्हाला फसवले. अश्दोदवालीने टेबलावर चार वाट्या मांडल्या, दोन वर, दोन खाली. प्रत्येकीत काही चणे घालून वर झाकणे ठेवली. वाटीतले चणे ती सांगणार नाही, फक्त बेरजा सांगणार. वरच्या दोन वाट्या मिळून ९, खालच्या दोन ६, डावीकडच्या दोन ७, उजवीकडच्या दोन ८. चार अज्ञात, चार समीकरणे. झालेच की!

टोरांटोहून उत्तर आले, वर ४ आणि ५, खाली ३ आणि ३. लोदहून आले, वर ५ आणि ४, खाली २ आणि ४. ताळा केला तर दोन्ही बरोबर. पाव तास आम्ही एकमेकींच्या चुका शोधत राहिलो, पण चूक कोठेच नव्हती. मग आमच्या लक्षात आले, की वरची आणि खालची मिळून पंधरा, तर डावी-उजवी मिळूनही पंधराच होणार. म्हणजे चौथे समीकरण नवीन काही सांगतच नाही, पहिल्या तिघांचेच बोललेले पुन्हा बोलते. इस्पितळात नातेवाईक चार असतात, पण चौथा तिसऱ्याचेच ऐकून सांगत असला तर माहिती तिघांचीच. दोन उत्तरांतला फरक मांडला तर वर अधिक एक, उणे एक, खाली उणे एक, अधिक एक. या फरकाची कोठूनही बेरीज केली तरी शून्य, म्हणून ताळ्याला तो दिसतच नाही. अशा न दिसणाऱ्या फरकांच्या समूहाला हिब्रूत 'गारईन' म्हणतात, म्हणजे बी. बीजगणितातली बी ही, असे लोदच्या बाई म्हणाल्या. शब्दाचा अर्थ तसा नाही, पण आम्हाला आवडला.

मग अश्दोदवालीने तिरकी बेरीज सांगितली. वरची डावी आणि खालची उजवी मिळून ९. टोरांटोचे उत्तर पडले. झाकणे काढली, लोदच्या बाईंचे चणे बरोबर.

तिरके पाहिल्याशिवाय आतले कळत नाही, हे कळल्यावर आम्हा दोघी नर्सेसना एकदमच सुचले, सी. टी. स्कॅन! किती वर्षे आम्ही रोग्यांना ढकलगाडीवरून त्या यंत्रापर्यंत पोचवले, आणि ते रोग्याभोवती का फिरते हे कधी विचारले नाही. एका बाजूने क्ष-किरण सोडला की पलीकडे फक्त वाटेतल्या सगळ्या अडथळ्याची बेरीज कळते, एकेका ठिकाणचा अडथळा नाही. अगदी झाकलेल्या वाट्या. म्हणून वेगवेगळ्या कोनांतून बेरजा घ्यायच्या आणि अज्ञात सोडवायचे. इंग्लंडमध्ये गॉडफ्री हाऊन्सफील्ड यांच्या यंत्राने १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली इस्पितळात पहिल्या रोग्याच्या मेंदूचे चित्र घेतले. त्यात १८० कोनांतून प्रत्येकी १६० मोजमापे, म्हणजे २८,८०० बेरजा, आणि चित्र ८० गुणिले ८० चौकटींचे, म्हणजे ६,४०० अज्ञात. हाऊन्सफील्ड आणि ॲलन कॉर्मॅक यांना १९७९ साली वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे हिशेबाच्या आणखी वेगवान रीती आल्या, पण मूळ गोष्ट वाट्यांचीच.

ताईंनी लगेच विचारले, "६,४०० अज्ञातांना २८,८०० समीकरणं कशाला? जास्तच झाली की." यावर आमचे दोन मंगळवार गेले. खऱ्या यंत्राच्या मोजमापात थोडी थोडी चूक असतेच, त्यामुळे समीकरणे एकमेकींशी भांडतात आणि सर्वांना पटेल असे उत्तर निघतच नाही. मग सगळ्यांचे ऐकून घ्यायचे आणि ज्या उत्तरात एकंदर चूक सर्वांत कमी, ते धरायचे. मुलाला ताप कधीपासून, असे विचारले की आई एक सांगते, आजी दुसरे, शेजारीण तिसरे. आपण तिघींचे ऐकून जे धरतो ते याच जातीचे. फक्त गणितात आजीचा आवाज मोठा म्हणून तिचे जास्त धरत नाहीत.

गेल्या हिवाळ्यात पायरीवरून घसरून आमचे डोके आपटले. त्याच इस्पितळात, पण आता रोगी म्हणून, सी. टी.च्या फळीवर निजलो. डोक्याभोवती ते कडे घरघर फिरू लागले. इतर वेळी अशा जागी काय काय मनात येते! त्या दिवशी मात्र वर दोन, खाली दोन, आता तिरकी, आता आणखी थोडी तिरकी, असे वाट्यांचे हिशेब चालले होते. तंत्रज्ञ मुलगा आमच्या नातवाच्या वयाचा. बाहेर काढताना म्हणाला, "सावता, तुम्ही हसत होतात. हलला तर नाहीत ना?"

हललो नव्हतो. मुका मार होता, तीन दिवसांत उतरला. मंगळवार मात्र चुकला नाही. कपाळावर पट्टी बांधून बसलो, तर टोरांटोवालीने आधी विचारले, "किती कोनांतून घेतलं गं?"

पुढच्या आठवड्यापासून 'एरेख अत्स्मी' सुरू होत आहे, म्हणजे मॅट्रिक्सचे 'स्वतःचे मूल्य'. ठाण्याच्या ताईंनी व्याख्यान आधीच दोनदा पाहिले आहे आणि काही कळले नाही असे कळवले आहे. लोदच्या बाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया त्याच सुमारास आहे, तेव्हा त्या इस्पितळातून बसणार. वही-पेन्सिल आणि रंगांचा डबा पिशवीत भरून ठेवला आहे.